इंग्रजीवाले अल्पसंख्य? क्वेबेकच्या टाउनशिप्समधल्या कामामागची गोष्ट

इंग्रजी बोलणाऱ्यांना आधार द्यायला एखादी संस्था लागते असं आपल्याकडे कुणाला सांगितलं तर आधी हसेलच. आपल्याकडे इंग्रजी येत नाही म्हणून माणूस अडतो, आणि इथे फक्त इंग्रजीच नीट येतं म्हणून अडतोय. पण कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या दक्षिण टोकाला, अमेरिकेच्या व्हरमाँटला अगदी लागून ईस्टर्न टाउनशिप्स नावाचा भाग आहे आणि तिथे टाउनशिपर्स असोसिएशन ही संस्था 1979 पासून हेच काम करतेय. तिचं एखाद्या वर्षाचं काम बघायला गेलं तर पेपरात हेडलाइन होईल असं त्यात काही सापडत नाही. म्हाताऱ्या माणसांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायचं, जेवण, गप्पा, जमलं तर तब्येतीबद्दल कुणाचं तरी बोलणं ठेवायचं. सरकारी दवाखान्यात इंग्रजीत कोण बोलेल ते शोधून द्यायचं. शिकायला म्हणून बाहेर गेलेली पोरं गावाकडे परत येतील का ते बघायचं, नोकरीसाठी फ्रेंच कच्चं असेल तर त्याचं काहीतरी करायचं. वाचून वाटतं की एवढंसं तर काम, त्याला ऑफिस, स्टाफ आणि ओटावाहून, म्हणजे केंद्र सरकारकडून येणारे पैसे कशाला? याचं उत्तर शोधायला सव्वादोनशे वर्षं मागे जावं लागतं.

क्वेबेक मुळात फ्रेंचांची वसाहत, 1763 च्या तहात ती ब्रिटिशांकडे आली. सेंट लॉरेन्स नदीच्या काठाने फ्रेंच पद्धतीची जमीनदारी होती, साधारण आपल्या खोतीच्या जातीची म्हणा, म्हणजे जमीन कसणारा एक आणि तिच्यावर हक्क सांगणारा सेन्यर वेगळा. नदीपासून लांब दक्षिणेकडच्या जंगलाच्या पट्ट्यात ही पद्धत पोचलीच नव्हती, तिथे 1792 पासून ब्रिटिश सरकारने चौकोनी टाउनशिप आखून जमीन थेट मालकी हक्काने द्यायला सुरुवात केली. अमेरिकन क्रांतीत राजाच्या बाजूने राहिलेले लॉयलिस्ट इथे आले असं सगळीकडे सांगितलं जातं आणि त्यात तथ्य आहेच, पण व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायरमधून आलेल्या बऱ्याच जणांना राजाशी काही घेणंदेणं नव्हतं, त्यांना स्वस्त जमीन पाहिजे होती. मग 1834 मध्ये ब्रिटिश अमेरिकन लँड कंपनी आली, तिने प्रचंड जमीन ताब्यात घेऊन ब्रिटनमधून माणसं आणायचा सपाटा लावला, त्यात स्कॉटलंडच्या लुइस बेटावरचे शेतकरी होते आणि गंमत म्हणजे त्यातल्या कित्येकांची घरची भाषा इंग्रजी नव्हतीच, ते गेलिक बोलायचे. आज ज्यांना आपण सरसकट इंग्रजीवाले म्हणतो त्यांच्या पणजोबा-खापरपणजोबांना हे लेबल चिकटायला एक-दोन पिढ्या जाव्या लागल्या.

शेरब्रुक, ग्रॅनबी, स्टॅनस्टेड, रिचमंड, कूकशायर, नॉर्थ हॅटली ही गावांची नावंच बघा ना, फ्रेंच प्रांतात असल्यासारखी वाटतच नाहीत. लेनॉक्सव्हिलचं बिशप्स कॉलेज, आताची बिशप्स युनिव्हर्सिटी, 1843 चं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे इंग्रजी बोलणारेच जास्ती होते. मग नदीकाठच्या फ्रेंच गावांत वाटण्या होऊन होऊन जमीन पुरेना (हे आपल्याला वेगळं समजवायला नको), तिकडची माणसं रेल्वे, लाकूड, कापडाच्या गिरण्यांच्या मागे इकडे सरकली आणि 1870 च्या आसपास संख्येचं पारडं फिरलं.

हे होणार याची कल्पना काही जणांना आधीच होती. शेरब्रुकचा पुढारी अलेक्झांडर गॉल्ट हा कॅनडाच्या संघराज्याच्या शिल्पकारांपैकी एक. 1867 च्या घटना कायद्यात 80 वं कलम आलं त्यामागे त्याच्यासारख्यांचीच काळजी होती. ते कलम असं होतं की क्वेबेकमधल्या ठरावीक 12 मतदारसंघांच्या सीमा बदलायच्या तर त्याच मतदारसंघांच्या बहुसंख्य आमदारांची संमती पाहिजे. त्यातले बरेच मतदारसंघ टाउनशिप्समधले. 93 व्या कलमात प्रोटेस्टंट शाळांना संरक्षण होतं, म्हणजे व्यवहारात इंग्रजी शाळांना. पुढची शंभर वर्षं हा समाज याच भरवशावर निवांत राहिला, संख्या घटत होती तरी शाळा आपली, हॉस्पिटल आपलं, चर्च आपलं आणि 1897 पासून शेरब्रुकचा इंग्रजी पेपर सुद्धा आपला. संस्था, संघटना वगैरे काढायची गरज कुणाला वाटली नाही कारण सगळं आपोआप चालत होतं. 80 वं कलम 1970 मध्ये रद्द झालं आणि माझ्या मते पुढे काय येणार याची पहिली चाहूल तीच होती.

आता क्वेबेकच्या सगळ्यात मोठ्या शहराकडे, मॉन्ट्रियलकडे बघावं लागेल कारण फ्रेंच-इंग्रजीचं भांडण तिथलं होतं. सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या बँका, वेस्टमाउंटचे बंगले, वरच्या खुर्चीवर इंग्रज आणि खाली काम करणारा फ्रेंच, हे चित्र काही कुणी रंगवून सांगितलेलं नव्हतं. 1961 च्या जनगणनेवरून साठच्या दशकात फेडरल कमिशनने हिशोब मांडला तेव्हा क्वेबेकमधल्या 14 वांशिक गटांत फ्रेंच मूळच्या पुरुषांचा कमाईत नंबर 12 वा लागला, स्वतःच्याच प्रांतात. मग जी चिडचिड झाली तिला चूक कसं म्हणणार? 1960 नंतरच्या शांत क्रांतीत प्रांताने शिक्षण आणि आरोग्य चर्चकडून काढून स्वतःकडे घेतलं, वीज कंपन्या घेतल्या आणि भाषेचा मुद्दा पेटला. 1969 चा 63 नंबरचा कायदा, 1974 चा 22 नंबरचा, आणि 15 नोव्हेंबर 1976 ला स्वतंत्र क्वेबेक मागणारी पार्टी क्वेबेक्वा निवडून आल्यावर ऑगस्ट 1977 मध्ये तो गाजलेला 101 नंबरचा कायदा. सरकार, कोर्ट, ऑफिस, कारखाना, शाळा, दुकानाची पाटी, सगळीकडे फ्रेंच. पाट्यांवरून राजकारण कसं तापतं ते बेळगाव आणि मुंबई बघितलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. फरक एवढाच की इथला अल्पसंख्य हा खंडभर बहुसंख्य असलेल्या भाषेचा आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणाला फारशी सहानुभूती वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही वाटली नव्हती.

एक आडवळणाची गोष्ट सांगून टाकतो. हा कायदा आणणारे मुख्यमंत्री रेने लेवेक लहानाचे मोठे झाले ते न्यू कार्लायलमध्ये, गास्पे द्वीपकल्पावरचं इंग्रजी वर्चस्वाचं छोटं गाव. आणि त्याच गावात 1975 मध्ये, म्हणजे ते निवडून यायच्या वर्षभर आधी, तिथल्या गरीब इंग्रजी भाषकांसाठी कासा नावाची संस्था सुरू झालेली. एकाच गावातून दोन्ही बाजू निघाल्या.

कायद्यानंतर काय झालं तर माणसं गेली. सन लाइफ इन्शुरन्स कंपनीने जानेवारी 1978 मध्ये मुख्यालय टोरांटोला हलवायचं जाहीर केलं त्याचा गाजावाजा झाला, पण खरी गळती शांतपणे, घराघरातून झाली. 1971 ला क्वेबेकमध्ये इंग्रजी मातृभाषा असलेले सुमारे 7 लाख 89 हजार लोक होते, 2001 ला 5 लाख 91 हजारांच्या आसपास राहिले. इंग्रजी शाळांत 1971 च्या सुमाराला अडीच लाखांवर मुलं होती, ती एक लाखाच्या घरात आली. आता यात कोण गेलं हे महत्त्वाचं आहे. शिकलेला, तरुण, ऑन्टॅरिओत नोकरी मिळू शकणारा गेला. ज्याचं शेत होतं, ज्याचं वय झालं होतं, ज्याच्याकडे डिग्री नव्हती तो राहिला. मधली पिढीच गायब, आजी-आजोबा गावात आणि त्यांची मुलं टोरांटो नाहीतर कॅलगरीत, सणाला फोन. कोकणातल्या घरांचं वर्णन करतोय असं वाटेल, पण नाही. लोकांच्या डोक्यात मात्र क्वेबेकचा इंग्रज म्हणजे अजूनही वेस्टमाउंटचा शेठ, आणि कूकशायरच्या बर्फात एकटी राहणारी म्हातारी त्या शेठच्या सावलीत कुणाला दिसतच नाही. टाउनशिपर्स असोसिएशनचं सगळं काम मला या एका गैरसमजाशी झगडणं वाटतं.

तर 1979. एका बाजूला कायदा आलेला, दुसऱ्या बाजूला मे 1980 चं स्वतंत्र क्वेबेकवरचं सार्वमत तोंडावर, लोक घाबरलेले, आणि अशात टाउनशिपर्स असोसिएशन उभी राहिली. प्रांतभरासाठी 1982 मध्ये अलायन्स क्वेबेक आली, ती मोठी, राजकीय, कोर्टकचेऱ्यांत उतरणारी. पाट्यांच्या केसमध्ये 1988 ला सुप्रीम कोर्टाने फक्त-फ्रेंच-पाटीचा नियम उडवला, प्रांताने घटनेतला अपवाद वापरून तो परत आणला, 1993 ला फ्रेंच ठळक आणि दुसरी भाषा लहान अशी तडजोड झाली. अलायन्स पुढे अंतर्गत भांडणात खिळखिळी झाली आणि 2005 मध्ये बंद पडली. टाउनशिपर्सचा सूर पहिल्यापासून शेजारधर्माचा. त्यांना फ्रेंच शेजाऱ्याशी भांडायचं नव्हतं, निम्म्या घरांत तर तोच जावई झालेला. सप्टेंबरात जत्रेसारखा टाउनशिपर्स डे भरवायचा, दरवेळी वेगळ्या गावात, गाणी, खाणं, जुनी यंत्रं, आणि आम्ही अजून इथेच आहोत हे दाखवायचं, ही त्यांची रीत.

वर्षाच्या कामात तब्येतीचा भाग एवढा मोठा का असतो याचंही कारण आहे. 1986 मध्ये 142 नंबरच्या कायद्याने इंग्रजीत आरोग्यसेवा मिळायचा हक्क मान्य झाला, पण हक्क कागदावर आणि नर्स समोर, यात अंतर असतं. नव्वदच्या दशकात खर्च कपातीची लाट आली, हॉस्पिटलं एकमेकांत मिसळली, शेरब्रुक हॉस्पिटल ही इंग्रजी समाजाने चालवलेली जुनी संस्था वृद्धांच्या संस्थेत विलीन झाली. गावातली आपली म्हणून जी दारं होती ती अशी एकेक करून गेली. दुकानात फ्रेंचमध्ये दूध-ब्रेड मागणारी बाई आजारी पडली की तिचं फ्रेंच संपतं. आपल्याकडे डॉक्टरला सांगतो ना, ठणकतंय, चमक येते, कळ मारते, कसंतरीच होतंय, हे दुसऱ्या भाषेत सांगून बघा म्हणजे कळेल. त्यात स्मृतिभ्रंश झाला की बऱ्याचदा उशिरा शिकलेली भाषा आधी पुसली जाते. 2000 मध्ये प्रांतभरच्या अशा गटांना जोडणारं आरोग्य नेटवर्क तयार झालं आणि पुढे छोट्या संस्थांना या कामासाठी फेडरल आरोग्य खात्याचे पैसे मिळायला लागले.

पैशाचं म्हणाल तर मूळ 1969 च्या अधिकृत भाषा कायद्यात आहे. 1988 मध्ये त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यात फेडरल सरकारने भाषिक अल्पसंख्य समाजांच्या विकासाची जबाबदारी घेतली, 2003 पासून पाच-पाच वर्षांचे आराखडे यायला लागले. ते पैसे मुख्यतः क्वेबेकबाहेरच्या फ्रेंच भाषकांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात अशी इकडची जुनी कुरकुर आहे. फेडरल आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, म्हणून बऱ्याच संस्थांचं वर्षही तसंच, आपल्यासारखा मार्च एंड, आणि त्यात पुढच्या वर्षीचा प्रोजेक्ट मंजूर होणार की नाही याची धाकधूक. खुद्द क्वेबेक सरकारने इंग्रजी भाषकांसाठी वेगळं सचिवालय काढलं ते थेट 2017 मध्ये, म्हणजे 101 नंबरच्या कायद्यानंतर 40 वर्षांनी.

हल्लीचं लवकर सांगतो. 2022 चा 96 नंबरचा कायदा आला, इंग्रजी कॉलेजांच्या जागांवर मर्यादा आली, नव्याने आलेल्यांना सहा महिन्यांनंतर सरकारी कारभार बहुतेक करून फ्रेंचमध्येच. इंग्रजी मातृभाषावाले निम्म्याहून कमी झालेल्या गावांचं द्विभाषिक स्टेटस जाणार होतं, तर जवळजवळ सगळ्या गावांनी मुदतीत ठराव करून ते वाचवलं. 2024 च्या उन्हाळ्यात आरोग्य खात्याचं एक परिपत्रक निघालं, त्यावरून असं वाटायला लागलं की इंग्रजीत उपचार हवे तर आधी इंग्रजी शाळेसाठीचा पात्रतेचा दाखला दाखवा, एवढा गदारोळ झाला की सप्टेंबरात ते बदलून घ्यावं लागलं. अशा वेळी या संस्थांचे फोन वाजत राहतात, लोक विचारतात की मला डॉक्टर भेटेल ना. आणि शेठवाल्या चित्राचं म्हणाल तर 2021 च्या जनगणनेत क्वेबेकमधल्या इंग्रजी भाषकांची बेकारी 11 टक्क्यांच्या आसपास होती, फ्रेंच भाषकांची 7 च्या.

यात आपली माणसं सुद्धा आहेत. कॅनडाची जनगणना पहिली अधिकृत भाषा असा एक हिशोब लावते, त्यात घरी मराठी बोलणारा आणि फ्रेंच न येणारा पुणेकर किंवा नागपूरकर शेरब्रुकला राहायला गेला की इंग्रजी भाषकांत मोजला जातो. क्वेबेकमधले असे सगळे मिळून साडेबारा लाख होतात, त्यात निव्वळ मातृभाषा इंग्रजी असलेले निम्म्याच्या जरा वर. पण त्याच्या पोराला सरकारी इंग्रजी शाळेत घालायचं तर आई किंवा वडलांचं प्राथमिक शिक्षण इंग्रजीत झालेलं लागतं, आणि तेही कॅनडात. पुण्यातलं इंग्लिश मिडियम त्यात धरत नाहीत. तात्पुरत्या परमिटवर असेल तर काही वर्षांची सूट मिळते, ती संपली की पोरगं फ्रेंच शाळेत. शेतकऱ्यांच्या नातवंडांसाठी काढलेल्या या संस्थांकडे आता हे प्रश्न घेऊन येणारेही आहेत, दाखला कुठे मिळतो, फ्रेंचचा क्लास कधी, फॅमिली डॉक्टरच्या यादीत नाव कसं लावायचं, आणि उत्तर देणारी बहुतेक वेळा गावातलीच कुणीतरी रिटायर बाई असते, फोनच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला आपला माणूस, दोघांचं इंग्रजी एकमेकांना जेमतेम कळतंय.