फेअरबँक्स सुवर्णक्षेत्राचे स्थलनिर्देशक नकाशे (अलास्का)

अलास्कातील युकॉन व टॅनाना या नद्यांमधल्या प्रदेशाचे पद्धतशीर सर्वेक्षण अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने १८९८ मध्ये हाती घेतले. १९०२ मध्ये फीलिक्स पेद्रो या सोनेशोधकाला फेअरबँक्सजवळ सोने सापडले आणि कामाची निकड वाढली.

सर्वेक्षणाचा हंगाम जून ते सप्टेंबर; सामान घोड्यांवर. सपाट जागी पोलादी फितीने आधाररेषा मोजायची, तिच्या टोकांवरून उघड्या माथ्यांचे कोन घेऊन त्रिकोणांचे जाळे वाढवायचे, मग माथ्यामाथ्यावर प्लेन टेबल (तिवईवरचा सपाट आरेखन-फलक) मांडून नकाशा तिथल्या तिथे कागदावर उतरवायचा. क्षेत्रकाम बहुधा १:१,८०,००० प्रमाणावर, छपाई १:२,५०,००० वर, समोच्च रेषांमधले (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधले) उंचीचे अंतर २०० फूट (सु. ६१ मी.).

टेबल दिशेला लावताना नुसत्या होकायंत्रावर विसंबता येत नसे. त्या काळी इथला चुंबकीय दिक्पात (खऱ्या उत्तरेपासून सुईचे ढळणे) पूर्वेला सु. ३०° होता, शिवाय खडकांमुळे सुई भलतीकडे वळे. आपली जागा काढण्यासाठी ज्ञात शिखरांवरून ओढलेल्या तीन रेषा एका बिंदूत न मिळता मध्ये चिमुकला त्रिकोण उरला, तर टेबल किंचित वळवून त्या पुन्हा ओढायच्या. उंची काढताना पृथ्वीची वक्रता सोडून चालत नाही. वक्रता व अपवर्तन (हवेत प्रकाशकिरणाचे वाकणे) दोन्ही धरून ३० किमी. अंतरावरचे शिखर सु. ६० मी. खाली दिसते, दुरुस्ती राहिली, तर जवळजवळ एक अख्खी समोच्च रेषा चुकते.

खरे दुखणे रेखांशाचे. ऐन उन्हाळ्यात रात्र इतकी उजेडी, की तारे दिसतच नाहीत. अक्षांश सूर्यावरून नीट मिळतो. रेखांशाला मात्र अचूक वेळ हवी. प्रवासात धक्के खाल्लेले घड्याळ ४ सेकंद चुकले, की ६५° अक्षांशावर जागा सु. ८०० मी. सरकते. तारायंत्राची लाइन आल्यावर वेळ तारेने जुळवता येऊ लागली. वणव्यांच्या धुरावर मात्र उपाय नव्हता; शिखरे दिसेपर्यंत थांबायचे.

२०० फुटांच्या रेषा दऱ्या ओळखायला, वाट काढायला पुरतात. खाणीला पाणी आणणारा पाट आखायला अगदीच अपुऱ्या, कारण पाटाचा उतार मैलामागे जेमतेम काही फूट असतो. म्हणून दाट खाणींच्या पट्ट्यासाठी खात्याचे नकाशाकार गर्डाइन व सार्जंट यांनी १:६२,५०० प्रमाणाचा स्वतंत्र नकाशा केला. पुढे हवाई छायाचित्रांवरून बेतलेली १:६३,३६० ची, म्हणजे मैलाला एक इंच, मालिका आली. उत्तरेकडे रेखावृत्ते जवळ येत जातात; त्यामुळे तिच्या पत्रकांची उंची सर्वत्र अक्षांशाची १५ मिनिटे असली, तरी रुंदी दक्षिणेत २० पासून उत्तरेत ३६ मिनिटांपर्यंत वाढवलेली आहे.