पहिल्यांदाच येताय? ऑर्डर देण्याआधी हे वाचा

नौपाड्यातल्या आमच्या ब्रूपबमध्ये, म्हणजे बिअर जिथे बनते तिथेच मिळते अशा जागी, नवीन पाहुण्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "स्ट्राँग आहे का?" आणि "एकदम चिल्ड आहे ना?" दोन्हींचं उत्तर "नाही" आलं की चेहरा पडतो. म्हणून हा कागद टेबलावर ठेवला आहे.

बाटलीतल्या स्ट्राँग बिअरमध्ये अल्कोहोल आठ टक्क्यांपर्यंत जातं. आमच्या बहुतेक बिअर पाचच्या आसपास असतात. त्या चढण्यासाठी नाहीत, जेवणाबरोबर सावकाश घेण्यासाठी आहेत. आणि बर्फासारखी गार बिअर जीभ बधिर करते, मग चव कळतच नाही. तरीही गारच हवी असेल तर सांगा, ग्लास गार करून देऊ. भांडणार नाही.

काचेपलीकडच्या स्टीलच्या टाक्या शोभेच्या नाहीत. मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, आम्ही भरडतो आणि गरम पाण्यात भिजवतो. त्यातल्या स्टार्चची साखर होते. ते गोड पाणी गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचं. बिअरचा कडूपणा या फुलांचा. मग थंड करून यीस्ट घालायचं. पुढचं काम यीस्टचं, ते साखरेचं अल्कोहोल करतं, आपण फक्त तापमान सांभाळायचं. एल आणि लागर हे बिअरचे दोन मुख्य प्रकार. एलचं यीस्ट वीस अंशांच्या आसपास खुशीत असतं आणि दोन-तीन आठवड्यांत बिअर तयार होते. लागरचं यीस्ट दहा-बारा अंशांत काम करतं आणि पुढे बिअर आणखी थंडीत मुरावी लागते. थंडीच्या दिवसांत इडलीचं पीठ फुगायला वेळ लागतो ना, तसंच. त्यामुळे फळ्यावर "लागर संपली" दिसलं तर आमचा आळस समजू नका. टाकीला घाई करता येत नाही.

गव्हाची बिअर गढूळ दिसते. ती खराब नसते, गाळलेली नसते एवढंच. तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण आम्ही त्यात केळंही घालत नाही आणि लवंगही. ती सगळी यीस्टची करामत. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र संत्र्याची साल आणि धणे खरोखर असतात. स्टाउट काळी असते कारण तिच्यातली बार्ली कॉफीच्या बियांसारखी भाजलेली असते. आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, कडू असते. कारल्याची भाजी मनापासून खाणाऱ्यांनी तिच्यापासून सुरुवात करावी, बाकीच्यांनी शेवटी यावं. काही ठरत नसेल तर चार छोट्या पेल्यांचा ट्रे मागवा. आणि वरचा फेस पाहून "ग्लास भरला नाही" म्हणू नका, बिअरचा वास त्या फेसातच असतो.

खाण्याचं आमचं मत स्पष्ट आहे. कुरकुरीत बोंबलांबरोबर गव्हाची बिअर, झणझणीत सुक्या मटणाबरोबर लागर. आयपीएबरोबर तिखट मागवलंत तर तिखट आणखी बोचेल, हे आधीच सांगून ठेवतो. माल्टचा उरलेला चोथा गोठ्यात जातो, थोडा आमच्या थालीपिठात. ते लोण्याबरोबर खा, आणि त्यासाठी बिअर घ्यायलाच हवी असं नाही. न पिणाऱ्यांसाठी सोलकढी आहे आणि ती आम्ही मापून देत नाही. गहू-बार्ली सोसत नसेल त्यांनी बिअर आणि थालीपीठ दोन्ही टाळावं.

आता कायद्याचं. महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 पूर्ण लागतं आणि पिण्याचा परवानाही लागतो. ओळखपत्र मागितलं तर राग मानू नका, केस पिकलेले असले तरी. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि मतदान संपण्याआधीचे 48 तास, या काळात टाक्या भरलेल्या असूनही नळ बंद असतात. बिलात दोन कर का, असं बरेच जण विचारतात. खाण्यावर जीएसटी लागतो. बिअर जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो. सर्व्हिस चार्ज आम्ही लावत नाही.

गाडी घेऊन आला असाल तर चावी काउंटरवर द्या, सकाळी घेऊन जा. रक्ताच्या 100 मिलिलिटरमध्ये 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. रिक्षा आम्ही बोलावून देतो. स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि दोन्ही दिशांच्या शेवटच्या लोकलच्या वेळा दाराशेजारच्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या असतात.