दंतचिकित्सेतील श्वसनसंरक्षण व संसर्गनियंत्रण

दातांवर उपचार करताना हवेत उडणारे तुषार, रक्त-लाळेने माखलेली उपकरणे आणि डेंटल चेअरच्या नळ्यांतील पाणी यांमधून होणारा संसर्ग रोखण्याच्या उपायांना ही संज्ञा लावतात. त्यांत नजरेत भरतो तो मास्क. पण क्रमाने पाहिल्यास तो शेवटचा अडसर आहे.

डॉक्टरचा चेहरा रुग्णाच्या उघड्या तोंडापासून हातभर अंतरावरही नसतो आणि रुग्णाला मास्क लावण्याची सोयच नाही. त्यात १९५७ मध्ये एअरोटर आला. दाबाखालच्या हवेवर चालणारे दात कोरण्याचे हे यंत्र मिनिटाला ३ लाखांहून अधिक फेरे घेते. त्या घर्षणाने दाताचा गर भाजू नये म्हणून सतत पाणी सोडावे लागते व त्याचाच फवारा उडतो. अल्ट्रासॉनिक स्केलरचेही, म्हणजे ध्वनिकंपनांनी दातांवरचे कीटण काढणाऱ्या यंत्राचेही, तेच. ५० मायक्रॉनांहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे शिंतोडे जवळच, म्हणजे चेहरा, बाह्या, ट्रे यांवर पडतात. त्याहून बारीक कण हवेत तरंगतात आणि अगदी सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर पोहोचतात. फेस शील्ड शिंतोडे अडवते. तरंगते कण मात्र तिच्या कडेने सहज आत येतात, म्हणून ती मास्कची जागा घेऊ शकत नाही.

साधा सर्जिकल मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही. त्याच्या बाजूंनी हवा आत शिरते. एन-९५ मास्क सुमारे ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो. हे माप मुद्दाम निवडलेले आहे. मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात, अगदी बारीक कण सैरभैर हालचालीमुळे तंतूंना चिकटतात; मधल्या मापाचे कण सर्वांत जास्त निसटतात. मात्र हा आकडा कापडाचा आहे, चेहऱ्यावर बसवलेल्या मास्कचा नव्हे. दाढी असली की फट राहते. चष्म्यावर वाफ धरत असेल, तर नाकाच्या दांडीपाशी हवा गळते असे समजावे. त्यासाठी फिट टेस्ट घेतात: डोक्यावर टोप घालून आत कडू किंवा गोड द्रावणाचा फवारा सोडतात, चव लागली की मास्क नापास.

तुषार तोंडातच अडवणे अधिक परिणामकारक ठरते. रबर डॅम, म्हणजे उपचाराचा दात तेवढा बाहेर ठेवून बाकी तोंड झाकणारा रबरी पडदा, अमेरिकी दंतवैद्य सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये काढला तो दात कोरडा ठेवण्यासाठी. लाळ फवाऱ्यात मिसळू न देणे हा त्याचा नंतर कळलेला गुण. रुंद तोंडाचे जोरकस सक्शन साहाय्यकाने दाताजवळ नीट धरले, तर बहुतांश फवारा तिथेच ओढला जातो. लाळ ओढणारी बारीक नळी हे काम करू शकत नाही. उलट रुग्णाने तिच्याभोवती ओठ मिटले, तर नळीतले आधीचे द्रव उलटे तोंडात येऊ शकते.

उरलेले कण खेळत्या हवेने निघून जातात. तासाला ६ वेळा हवा बदलत असेल, तर ९९ टक्के कण जाण्यास सुमारे ४६ मिनिटे लागतात. १२ वेळा बदलल्यास २३.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते पाणी. अरुंद नळ्यांत ते साचून राहते आणि आतल्या पृष्ठभागावर जंतूंचा चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, धरतो. २०११ मध्ये इटलीत ८२ वर्षांच्या एका महिलेचा न्यूमोनिया घडवणाऱ्या लिजिओनेला जंतूंमुळे मृत्यू झाला. त्याचा माग दवाखान्यातील याच नळ्यांपर्यंत लागला. उपचाराच्या पाण्यात दर मिलिलिटरला जंतूंच्या ५०० पेक्षा जास्त वसाहती नसाव्यात, असा दंडक आहे. प्रत्येक रुग्णानंतर २०–३० सेकंद पाणी सोडून देतात; त्याने रुग्णाच्या तोंडातून मागे ओढले गेलेले द्रव निघते, बायोफिल्म नव्हे. तिच्यासाठी नळ्यांवर ठरावीक काळाने रासायनिक प्रक्रिया करावी लागते.

हँडपीस (एअरोटरसारखे हातात धरायचे यंत्र) नुसता पुसून भागत नाही, कारण लाळ-रक्त त्याच्या आतही ओढले जाते; प्रत्येक रुग्णानंतर तो ऑटोक्लेव्हमध्येच (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) जायला हवा. हिपॅटायटिस-बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान ७ दिवस टिकतो, त्यामुळे डॉक्टरइतकीच उपकरणे धुणाऱ्या कर्मचाऱ्यालाही त्याची लस आवश्यक असते.