‘ठायीच बैसोनि’ : पायी वारी थांबली त्या दोन वर्षांची पार्श्वभूमी

आषाढी जवळ आली की ‘ठायीच बैसोनि करा एकचित्त’ ही तुकोबांची ओळ हमखास ऐकू येते. ज्यांना रजा मिळत नाही, ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, ज्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, ते या ओळीचा आधार घेतात. आधार खराच आहे. पण ‘घरी बसा, देव घरीच येतो’ हा तिचा अर्थ सर्वतोमुखी झाला तो २०२० साली, आणि त्यामागे एक निर्णय होता.

करोनाच्या साथीमुळे १७ मार्च २०२० रोजी पंढरपूरचे मंदिर दर्शनासाठी बंद झाले. मे अखेरीस पुण्यात प्रशासन आणि पालखी सोहळ्यांचे प्रतिनिधी एकत्र बसले. पायी सोहळा होणार नाही आणि मानाच्या पादुका दशमीला थेट पंढरपुरात न्यायच्या, असे ठरले. हेलिकॉप्टर, विमान की बस, यावरही बोलणे झाले. जूनमध्ये मोजक्या माणसांत प्रस्थान झाले. पुढचे जवळजवळ अडीच आठवडे देहू-आळंदीच्या पादुका आपापल्या गावीच राहिल्या. ३० जूनला त्या एसटीने निघाल्या आणि १ जुलैला एकादशी झाली.

साथीचा विचार करता हा निर्णय बरोबर होता, असेच मला वाटते. वाटेवरच्या प्रत्येक गावात लाखोंचा मुक्काम पडला असता तर काय झाले असते, हे सांगायला नको. वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर. निदान थोड्यांनी तरी अंतर ठेवून चालावे, नेम मोडू नये, असे म्हणणारा एक गट होता. त्याला उत्तर म्हणून हीच ओळ पुढे केली जाऊ लागली. २०२१मध्ये वाद चिघळला. त्याच पंढरपुरात एप्रिलमध्ये पोटनिवडणुकीच्या सभा झाल्या होत्या. मग आमच्याच पायांना बंदी का, हा प्रश्न वारकऱ्यांनी विचारला आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. पायी निघालेल्या एका कीर्तनकारांना पोलिसांनी ताब्यात घेतले. दहा मानाच्या पालख्या पुन्हा बसने आल्या. शेवटचे थोडे अंतर तेवढे चालू दिले गेले.

ओळीचा अर्थ लावताना तिच्या आधीचा चरण पाहिला पाहिजे. तिथे वनात जाण्याचे सायास नकोत, असे म्हटले आहे. म्हणजे ‘ठाय’ उभा आहे तो वनाच्या विरोधात, वाटेच्या विरोधात नव्हे. संसार टाकून रानात जाऊ नका, आहात तिथेच चित्त एका जागी आणा. हे सांगणाऱ्या तुकोबांनी १६३०च्या आसपासच्या दुष्काळात पत्नी गमावली होती, व्यापार बुडाला होता, आणि ते स्वतः भामचंद्र-भंडाऱ्याच्या डोंगरांवर एकांतात जाऊन बसले होते. तरी वारी होतीच. एका वर्षी आजारपणामुळे पंढरपूरला जाणे चुकले, तेव्हा त्यांनी वारकऱ्यांबरोबर विठोबाला पत्ररूप अभंग पाठवले, असे परंपरा सांगते. त्या अभंगांत घरी बसल्याचे समाधान शोधून सापडत नाही. आहे ती तळमळ, आणि निरोपाची वाट पाहणे. शांत होण्याआधी माणूस इतका अस्वस्थ असू शकतो, हे मला तरी फार मोलाचे वाटते.

या ओळीला आणखी एक सावली आहे. काहींना ‘ठायीच बैस’ हे शतकानुशतके हुकूम म्हणून ऐकावे लागले. चोखोबा महाद्वाराबाहेरच राहिले आणि समाधीही तिथेच आहे. ती दारे दलितांना उघडली मे १९४७मध्ये, पंढरपुरात झालेल्या दहा दिवसांच्या उपोषणानंतर. २०२०मध्ये कळसाकडे पाहून हात जोडणाऱ्यांना आपण किती जुन्या जागी उभे आहोत, हे जाणवले असेल का?

मग वारीत शांतता नेमकी कुठे असते? आळंदीच्या सोहळ्यात रात्री मुक्कामी समाजआरती होते. दिंड्या गोलात उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतात आणि एकदम सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. तक्रार ऐकली जाते, निवाडा होतो, हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात. मगच आरती. गुंता बाजूला सारून आलेली ही शांतता नव्हे, तो सर्वांसमोर ठेवून आलेली आहे. ती बसने नेता आली नाही. मोबाईलवरच्या कीर्तनांनी आणि हरिपाठाने पुष्कळांना धीर दिला, पण ही जागा रिकामीच राहिली.

मागचा इतिहास थोडक्यात असा. वारी ज्ञानदेवांच्याही आधीची. पादुका पालखीत घालून नेण्याची प्रथा तुकोबांच्या धाकट्या मुलाने १६८५मध्ये सुरू केली. आळंदीचा सोहळा वेगळा होऊन त्याला आजची शिस्त आली ती एकोणिसाव्या शतकात, आरफळच्या एका सरदाराच्या हातून. हा नेम घरदार सांभाळणाऱ्यांचा. गळ्यात तुळशीची माळ, पेरणी उरकून पंढरी आणि परत शेतात.

२०२२मध्ये पायी वारी पुन्हा सुरू झाली. त्याआधीच्या दोन्ही आषाढींना दर्शनरांगच नव्हती. शासकीय महापूजेचा मानाचा वारकरी एरवी त्या रांगेतूनच निवडतात. त्यामुळे तो कोण, असा प्रश्न होता. दोन्ही वर्षी तो मान मंदिरातल्या विणेकऱ्याला मिळाला. तिथे वीणेचा पहारा रात्रंदिवस चालतो आणि वीणा खाली ठेवायची नसते. एकाने गळ्यातून काढायची ती दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यासाठीच. बाहेर सगळे बंद असताना तो माणूस रिकाम्या मंदिरात, नाम घेत, आपल्या ठायी उभा होता.