स्टिरबोर्ड

स्टिरबोर्ड : जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभे राहिल्यावर उजव्या हाताला येणाऱ्या बाजूचे नॉर्वेजियन नाव. प्राचीन नॉर्स, म्हणजे व्हायकिंग काळातील स्कँडिनेव्हियाच्या भाषेतील ‘स्त्योर्नबोर्दी’ हे त्याचे जुने रूप. ‘स्त्योर्न’ म्हणजे हाकणे, वळवणे. ‘बोर्द’ म्हणजे फळी आणि त्यावरून जहाजाची कड. म्हणजे ही सुकाणूची बाजू. ‘उजवा’ हा अर्थ या शब्दात मुळात नाहीच.

तो कुठून आला, हे व्हायकिंग जहाज पाहिले की कळते. नॉर्वेतील सांडेफ्योरजवळ गोक्स्टा येथील दफनाच्या टेकाडातून १८८० साली ओक लाकडाचे एक जहाज निघाले. ते नवव्या शतकाच्या अखेरचे, सुमारे २३ मीटर लांबीचे आहे. त्याचे सुकाणू मागे मधोमध नसून मागच्या भागात उजव्या कडेला बाहेरून बांधलेले आहे. दिसायला ते रुंद पात्याचे मोठे वल्हेच. पाते तळाच्याही खाली उतरत असल्याने उथळ पाण्यात बांधणी सैल करून ते वर घेत. उजवीच बाजू का? बहुतेक माणसे उजव्या हाताची, हे साधे कारण सामान्यतः दिले जाते.

सुकाणूचा दांडा आडवा, जहाजाच्या आतल्या बाजूला येई. तो धरणाऱ्याची पाठ डावीकडे होई, म्हणून डावी बाजू ‘बाकबोर्दी’, म्हणजे पाठीची बाजू. आजच्या ‘बाबोर्ड’मध्ये त्यातला ‘क’ उरलेला नाही.

इंग्रजीतील ‘स्टारबोर्ड’ याच जर्मानिक कुळातला. ताऱ्यांशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजीत डाव्या बाजूला ‘लारबोर्ड’ म्हणत. वाऱ्यावादळात दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ साली ‘लारबोर्ड’ऐवजी ‘पोर्ट’ हा शब्द ठरवला. नॉर्वेजियन जोडीत असा घोळ नव्हता.

मध्ययुगात सुकाणू जहाजाच्या मागे मधोमध गेले, तरी बाजूचे नाव तेच राहिले.

जहाज हाकण्यावरून कारभार हाकण्याचा अर्थ निघाला तो याच धातूपासून. नॉर्वेजियनमध्ये संस्थेच्या संचालक मंडळाला ‘स्टिरे’ म्हणतात, तर आइसलँडिकमध्ये सरकारला ‘रीकिस्त्योर्न’. मराठीतील ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’वरून आलेला, कुळ अगदी वेगळे, पण ‘सुकाणू समिती’ म्हणताना आपणही तीच वाट धरतो. नॉर्स ‘स्तीरिमादर’ हा जहाजाचा प्रमुख, आपल्या तांडेलासारखा. आजचा नॉर्वेजियन ‘स्टिरमान’ मात्र कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी असतो.