कोएलेपालाउ: रताळं पूर्वेचं, नारळ पश्चिमेचा

हवाईच्या मेजवानीतलं गोड म्हटलं की हाउपिआचं, म्हणजे नारळाच्या दुधाच्या पांढऱ्या वड्यांचं नाव आधी येतं. त्यामानाने कोएलेपालाउ मागे पडलेला. शिजलेलं रताळं गरम असतानाच कुस्करायचं आणि नारळाचं घट्ट दूध घालून घोटायचं, एवढीच कृती. तूप नाही, वेलची नाही, पूर्वी साखरही नव्हती. दोनच जिन्नस, पण त्यांची मूळ गावं प्रशांत महासागराच्या दोन टोकांना. ते एका भांड्यात आले कसे, यावर शास्त्रज्ञांचं अजून पुरतं एकमत नाही.

नारळाचं कोडं त्यातल्या त्यात सुटलेलं आहे. २०११ मध्ये जगभरातल्या १,३०० हून अधिक नारळांचा डीएनए तपासला गेला, तेव्हा त्यांचे दोन स्पष्ट गट निघाले. एक हिंदी महासागराचा, ज्याची लागवड दक्षिण भारत, श्रीलंका, मालदीव, लक्षद्वीप या पट्ट्यात सुरू झाली असावी. दुसरा प्रशांत महासागराचा, आग्नेय आशियातल्या बेटांवरचा. आपल्याकडचा नारळ पहिल्या गटातला, हवाईचा दुसऱ्या. नारळ समुद्रात तरंगत जाऊन दूरच्या किनाऱ्यावर रुजू शकतो हे खरं, पण हवाईला तो माणसांनीच नेला. पॉलिनेशियन, म्हणजे प्रशांतातल्या बेटांवरचे लोक इ.स. १००० नंतरच्या दोनेक शतकांत जोडहोड्यांतून हवाईला पोचले, तेव्हा तारो (अळूचा कंद), ब्रेडफ्रूट (नीरफणस), केळी, ऊस आणि कुक्कुट-डुकरांबरोबर नारळही होता. या लोकांचे पूर्वज आशियाच्या बाजूने, बेटामागून बेट घेत पूर्वेकडे सरकत आले होते. होडीतलं जवळजवळ सगळं सामान पश्चिमेचं.

रताळं मात्र नाही. रताळं अमेरिका खंडातलं.

युरोपीय जहाजं प्रशांत महासागरात फिरू लागली तेव्हा तिथल्या बेटांवर रताळ्याची शेती आधीपासून चालू होती. कुक बेटांपैकी मांगाइआ बेटावर एका खडकाच्या निवाऱ्यात उत्खनन झालं, त्यात रताळ्याचे कोळसा झालेले तुकडे मिळाले आणि ते युरोपीयांच्या आधीचे ठरले. म्हणजे कोलंबसाशी या रताळ्याचा संबंध नाही. नावाचा पुरावाही बरोबर आहे: न्यूझीलंडच्या माओरींचं ‘कुमारा’, टोंगाचं ‘कुमाला’, हवाईचं ‘उआला’ ही एकाच शब्दाची रूपं, आणि दक्षिण अमेरिकेतल्या क्वेचुआ भाषेच्या काही बोलींत रताळ्याला ‘कुमार’शी मिळताजुळता शब्द आहे.

१९४७ मध्ये थोर हेयरडाल हा नॉर्वेजियन माणूस बाल्सा लाकडाच्या ‘कोन-टिकी’ तराफ्यावरून पेरूहून निघाला आणि १०१ दिवसांनी तुआमोतू द्वीपसमूहातल्या रारोइआ प्रवाळबेटावर आदळला. प्रवास थरारक, निष्कर्ष चुकीचा. पॉलिनेशियात वस्ती दक्षिण अमेरिकेतून झाली असं त्याला म्हणायचं होतं. भाषा, पुरातत्त्व आणि डीएनए तिन्ही त्याच्या विरोधात गेले. उलटी दिशा मात्र सहज शक्य वाटते. हजारो मैल नेमकं बेट गाठणाऱ्या दर्यावर्दींनी आणखी पूर्वेला जाऊन अमेरिकेचा किनारा गाठला आणि रताळं घेऊन परतले. अशी सफर जमू शकते का, ही शंका १९७६ मध्ये बरीचशी मिटली. त्या वर्षी ‘होकुलेआ’ ही जुन्या धाटणीची जोडहोडी हवाईहून ताहितीला गेली. वाट दाखवायला माउ पिआइलुग हा मायक्रोनेशियाचा जाणकार होता. होकायंत्र नाही, नकाशा नाही, फक्त तारे, लाटा आणि पक्षी.

२०१३ मध्ये जुन्या वनस्पती-संग्रहांतल्या वाळवून ठेवलेल्या रताळ्याच्या वेलींचा डीएनए पाहिला गेला. त्यातून रताळ्याच्या जगप्रवासाचे तीन रस्ते पुढे आले. पहिला कुमारा, दक्षिण अमेरिकेतून पॉलिनेशियात, युरोपीयांच्या आधी. दुसरा कामोते, स्पॅनिश गलबतांतून मेक्सिकोहून फिलिपाइन्सला. तिसरा बताता (रताळ्याचंच नाव, आपला बटाटा नव्हे), पोर्तुगीजांबरोबर आफ्रिका, भारत आणि पुढे. आपल्या एकादशीच्या पानात रताळं या तिसऱ्या वाटेने आलं. (उपासाला चालणारे किती पदार्थ अमेरिकेतले आहेत याची यादी एकदा करून बघावी. शेंगदाणा, साबुदाणा, बटाटा, रताळं. काढून टाकले तर ताटात फारसं काही राहत नाही.)

एवढ्यावर मिटलं असतं, पण २०१८ मध्ये दुसऱ्या एका गटाने इंग्रज दर्यावर्दी कुकच्या पहिल्या सफरीत, १७६९ मध्ये, बँक्स आणि सोलांडर या वनस्पतीशास्त्रज्ञांनी पॉलिनेशियात गोळा केलेल्या वेलीचा नमुना तपासला. ही वेल अमेरिकेतल्या रताळ्यापासून लाखभर वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती, म्हणजे माणूस या समुद्रावर येण्याच्या कितीतरी आधी बी वाहत किंवा पक्ष्यांबरोबर बेटांवर गेलं असणार, असं त्यांचं म्हणणं. एकाच जुन्या, झिजलेल्या नमुन्यावर एवढा डोलारा उभारू नये अशी टीका लगेच झाली. मग २०२० मध्ये माणसांच्याच डीएनएचा अभ्यास आला: इ.स. १२०० च्या आसपास पूर्व पॉलिनेशियातल्या बेटवासीयांत दक्षिण अमेरिकेतल्या लोकांचा अंश मिसळला होता, आणि तो आजच्या कोलंबियातल्या झेनू लोकांशी सगळ्यात जवळचा. भेट झाली होती हे यातून दिसतं. त्या भेटीत रताळं हातात पडलं की ते आधीच बेटांवर होतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. तरी शब्द आणि रक्त दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असताना मला होडीची बाजू जड वाटते.

रताळं आणि नारळ दोन्ही पॉलिनेशियात असले तरी दोन्ही भरपूर आहेत अशा जागा कमी. न्यूझीलंडच्या थंडीत नारळ येतच नाही. माओरींनी कुमारा जगवला, थंडीत टिकावा म्हणून जमिनीत साठवणीचे खड्डे केले, पण दूध कुठून आणणार? सपाट प्रवाळबेटांवर उलट गत: नारळ मुबलक, पण रेताड खारट जमिनीत रताळ्याचे हाल. हवाईत दोन्ही आहे. त्यातही नारळ दक्षिणेकडच्या बेटांइतका नाही, त्यामुळे त्याचं दूध रोज ओतण्याची चैन नव्हती.

रताळं मात्र पोटभर. ओलिताखालच्या खाचरांत तारो आणि कोरडवाहू उतारांवर रताळं अशी विभागणी होती. तारो तयार व्हायला नऊ महिने ते वर्ष लागतं, रताळं चार-पाच महिन्यांत निघतं. द्वीपसमूहातल्या हवाई याच नावाच्या बेटावर कोहाला भागाच्या पर्जन्यछायेतल्या बाजूला साठेक चौरस किलोमीटरवर कोरडवाहू वाफे पसरले होते. सततच्या वाऱ्याला अडवायला दगडमातीचे बांध घातलेले, बांधांवर ऊस. आज तिथे गुरं चरतात, पण सकाळच्या तिरप्या उन्हात विमानातून त्या रेघा दिसतात. शेतीचा आणि पावसाचा देव लोनो, रताळं त्याच्याच अखत्यारीतलं.

रताळी भाजायची इमूमध्ये, म्हणजे जमिनीतल्या भट्टीत. खड्ड्यात लाकडं पेटवायची, वर सच्छिद्र ज्वालामुखी दगड तापवायचे, केळीचे चेचलेले सोट आणि ती नावाच्या झुडपाची पानं अंथरून त्यात कंद ठेवायचे, वरून पानं आणि माती लोटून सगळं बंद. हे काम पुरुषांचं होतं. इतकंच नाही, पुरुषांसाठी एक इमू आणि बायकांसाठी दुसरी, कारण ‘आइकापू’ या निर्बंधाखाली दोघांनी एकत्र जेवायचं नाही, एका खड्ड्यात शिजलेलंही खायचं नाही. बायकांना डुकराचं मांस बंद, बहुतेक केळी बंद, आणि नारळही बंद. मोडणाऱ्याला देहदंडापर्यंत शिक्षा.

म्हणजे आज ‘आजीच्या हातचा’ म्हणून मिरवला जाणारा हा पदार्थ आइकापूच्या काळातल्या आजीला चाखताही आला नसता. पर्यटकांच्या माहितीपत्रकांत हे सहसा सापडत नाही.

मे १८१९ मध्ये हवाईचा राजा पहिला कामेहामेहा वारला. त्याची राणी काआहुमानू आणि नव्या राजाची आई केओपुओलानी यांनी आइकापू मोडायचा आग्रह धरला, आणि त्याच वर्षी लिहोलिहो राजा सगळ्यांच्या देखत बायकांच्या पंगतीत जाऊन जेवला. ख्रिस्ती मिशनरी पोचले ते पुढच्या वर्षी. तोवर ही व्यवस्था घरच्यांनीच मोडली होती.

नंतरचं शतक रताळ्याला बाजारात घेऊन गेलं. लाहाइना आणि होनोलुलू या बंदरांत थांबणारी व्हेलशिकारी जहाजं पोत्यांनी रताळी भरत. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर तिकडेही माल गेला. १८३५ पासून काउआइ बेटावर कोलोआचा ऊसमळा चालू झाला, पुढे साखरेने जमीन आणि पाणी दोन्ही गिळलं, आणि स्वस्त झालेली साखर कोएलेपालाउमध्येही शिरली. जुन्या जातींचे वाफे आटले.

आज तिथे या पदार्थासाठी बहुतेक जण गडद जांभळ्या गराचं रताळं घेतात आणि ते ओकिनावाचं (जपानच्या दक्षिणेकडचं बेट) म्हणून विकलं जातं. ओकिनावाचे मजूर १९०० पासून हवाईच्या मळ्यांवर येऊ लागले. त्यांच्या बेटावर रताळं १६०५ मध्ये चीनच्या फुजिआनमधून गेलं होतं, आणि फुजिआनला फिलिपाइन्सहून, म्हणजे कामोतेच्या वाटेने. अमेरिकेतून निघालेला एकच वेल हवाईला दोनदा आला, एकदा पूर्वेकडून आणि एकदा जवळपास सगळा महासागर ओलांडून मागे फिरून. ‘अस्सल हवाइयन’ जांभळा रंग हा दुसऱ्या फेरीचा.

आपल्याकडच्या लाल सालीच्या पांढऱ्या रताळ्याचा कोएलेपालाउ चांगला होतो; केशरी रताळं पाणचट पडतं. पाण्यात उकडू नये, वाफवावं. अर्धा किलोला पहिल्या पिळणीचं वाटीभर दूध आणि चिमूटभर मीठ पुरे. दूध थोडं थोडं घालायचं, आणि रेषा फार असतील तर गर चाळणीतून काढायचा. जांभळं रताळं मिळालं तर खाण्याच्या सोड्याला हात लावू नये, रंग हिरवट होतो. कच्चं रताळं किसून, दूध मिसळून, ‘ती’ झुडपाच्या पानात बांधून भाजलं की त्याला पिएले म्हणतात. पातोळ्यांना हळदीच्या पानाचा वास लागतो तसा याला त्या पानाचा लागतो. केलेलं त्याच दिवशी संपवावं. रताळ्याचा लगदा तारोच्या लगद्यापेक्षा, म्हणजे पोईपेक्षा लवकर आंबतो, आणि हवाईत तो मुद्दाम आंबवून पेयही करत.