हीट पंपाला थ्री फेज लागत नाही, खर्च भलतीकडेच आहे

हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी गरम करणारं यंत्र, बसवायचा म्हटलं की नागपुरात सल्ला ठरलेला: 'कॉम्प्रेसर आहे, थ्री फेज मीटर घ्यावं लागेल.' हे खरं नाही. घरगुती 200 लिटरच्या यंत्राचा कॉम्प्रेसर साधारण 1 किलोवॅटच्या आसपास ओढतो. बाथरूममधला गिझरच 2 किलोवॅटचा असतो. स्वतंत्र 16 अँपिअरची एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), 2.5 चौरस मिमीची तांब्याची वायर आणि नीट अर्थिंग सहसा पुरतं. आत जोडीला हीटिंग कॉइल असेल तर दोन्हींचा एकत्र लोड यंत्रावरच्या माहितीच्या पाटीवर बघून घ्या.

पैसा जातो प्लंबिंगमध्ये. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत गरम पाण्याची वेगळी लाइन बहुधा नसतेच. मग यंत्र असतं त्या गच्चीपासून सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपची लाइन) टाका, तीही इन्सुलेशन गुंडाळून. साधा पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो. यंत्राच्या टाकीवर जादा दाब सोडणारा सेफ्टी वॉल्व्ह हवाच. तो गळतो म्हणून बूच मारणारे महाभाग आहेत. त्याने टाकी फुटू शकते. भरलेलं यंत्र पाव टनाच्या घरात जातं, त्याखालचा ओटा स्लॅबच्या बीमवर येईल असा घ्या.

बचतीचं म्हणाल तर थंडीत 200 लिटर पाणी 15 वरून 55 अंशांवर न्यायला गिझरला सव्वानऊ युनिट लागतात, हीट पंपाला तीन-साडेतीन. मेमध्ये 45 अंशांत यंत्र ट्रिप होऊन बंद पडू शकतं, पण तेव्हा गच्चीवरची टाकीच चटके देत असते! बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर ॲनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजून तिला गंजापासून वाचवणारी कांडी) दरवर्षी उघडून बघा. दोघांच्याच घराला मात्र 25 लिटरचा गिझर परवडतो.